वाचकांचे प्रश्न : बाक ग्रामपंचायतीचा, पगार कुणाचा?

प्रश्न : आमचं गाव औसा तालुक्यात, १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. घरं एका साच्यातली, गल्ल्या सरळ रेषेत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या दोन-तीन जणांना विसरण्याचा आजार आहे. बाहेर पडले की भलत्याच दारात जाऊन बसतात, नाहीतर जुन्या गावठाणाच्या वाटेला लागतात. गल्ल्यांना पाट्या, बसायला बाक आणि धरून उठता येईल असं शौचालय, एवढंच करायचं आहे. ‘डिमेन्शिया-स्नेही गावा’साठी अनुदान मिळतं असं ऐकलं. अर्ज कुठे करावा?
— एका ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, त्या नावाचं अनुदान शोधत मुंबई-दिल्लीला हेलपाटे घालू नका. तुमची कामं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत. वित्त आयोगाच्या निधीचे दोन भाग असतात. पाणी आणि स्वच्छतेसाठीचा बंधित, बाकी अबंधित. शौचालय बंधितमध्ये मागा, पाट्या आणि बाक अबंधितमध्ये. त्यासाठी कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात चढली पाहिजेत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला संघाचे सगळे सभासद घेऊन जा आणि विषय इतिवृत्तात लिहून घ्या.

ठरावात ‘स्नेही’ वगैरे शब्द नकोत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्याचं अंदाजपत्रक करता येत नाही. ‘अमुक गल्लीच्या तोंडाशी पाठ टेकायचे चार बाक’ असं लिहा, म्हणजे शाखा अभियंत्याला मोजमाप घेता येतं. ‘दोघा-तिघांसाठी एवढा खर्च?’ असं कोणी विचारलं तर देशपातळीवरच्या लासी-डॅड पाहणीचा आकडा सांगा : साठीपुढच्यांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश. त्या सरासरीने दोनशे ज्येष्ठांमागे पंधराएक जण होतात. त्यातले निम्मे घरच्यांनी ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलेले असतील.

पाट्यांवर नुसते गल्ली क्रमांक टाकू नका. प्रत्येक गल्लीला एक रंग आणि एक ठळक चित्र द्या, बैल, तुळस, हापसा असं काही, आणि पाटी माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावा. (आपल्याकडे बाकावर देणगीदार पुढाऱ्याचं नाव हातभर असतं, गल्लीचं नाव मात्र कुठेच नसतं!)

प्रश्न : नांदेडमध्ये आमच्या विरंगुळा केंद्राला आमदार निधीतून खोली मिळाली. स्मृतिभ्रंश झालेल्यांना दिवसभर सांभाळायचं तर एक प्रशिक्षित बाई आणि एक मदतनीस हवा. आमदारांकडे गेलो तर ते म्हणतात, पगाराला पैसे देता येत नाहीत. मग खोलीचा उपयोग काय?

उत्तर : आमदार बरोबर सांगताहेत. आमदार-खासदार निधी टिकाऊ कामांसाठी असतो, दरमहाच्या खर्चाला नाही. केंद्राच्या ‘अटल वयो अभ्युदय’ योजनेचं गणित नेमकं उलटं आहे. तिथे संस्था चालवायला अनुदान मिळतं आणि अर्ज ई-अनुदान पोर्टलवर होतो. पण स्मृतिभ्रंशासाठीचं अनुदान किमान वीस जणांच्या निवासी केंद्राला आहे. एका खोलीच्या केंद्राने त्याच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या उपयोगाचा आहे तो सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ज्येष्ठांच्या डे केअर केंद्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. वर्षाला पाच कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात, तेही आसपासच्या भागाला प्राधान्य देऊन. आपल्याकडे लोक उठतात ते थेट साखर कारखान्याच्या चेअरमनकडे जातात. कारखाना सहकारी असेल तर तो कंपनी कायद्यात येतच नाही, सीएसआरचं बंधन त्याला नाही. खासगी कारखाने, तेलाच्या आणि डाळीच्या कंपन्या यांच्याकडे जा. मागणी एका वर्षाची नको, तीन वर्षांच्या पगाराची लेखी करा. पहिल्या वर्षानंतर बाई सोडून गेली की केंद्राला कुलूप लागतं.

त्याआधी प्राप्तिकराच्या १२ ए, ८० जी आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ या नोंदण्या लागतील. आणि धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा काढून बघा. ज्येष्ठांच्या संस्थांची गाडी हमखास इथे अडते. विश्वस्त वारलेले असतात, उताऱ्यावर त्यांचीच नावं असतात, कारण नव्वद दिवसांत द्यायचा बदल अर्ज कोणी दिलेलाच नसतो. विलंब माफीचा अर्ज जोडून तो आधी दाखल करा, मग कंपनीची वेळ घ्या.