डेटाबेस बदलताना ठिगळ कोणते लावावे?

कापडाच्या धंद्यात ठिगळ हा शब्द कमीपणाचा आहे. संगणकाच्या धंद्यात मात्र तो रोजचा आहे. तिथे त्याला पॅच म्हणतात आणि ज्या मशीनला पॅच नाही तेच मशीन फाटके समजले जाते.

आपल्यापैकी पुष्कळांची वही आता संगणकात गेली आहे. पडद्यावर दिसते ते बिलाचे सॉफ्टवेअर. पण तागे किती, उधारी कोणाकडे, जमा किती, जीएसटी किती, हे सारे ज्या कोठारात साठते ते निराळे असते. त्याला डेटाबेस म्हणतात. घाऊक पेढ्यांत आणि प्रोसेस हाऊसमध्ये हे कोठार पुष्कळदा मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर असते. कित्येक मालकांना ते आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसते, कारण त्याची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती बिलाच्या सॉफ्टवेअरबरोबर आपोआप बसते.

हे ठाऊक नसणे किती महाग पडते ते जगाने २५ जानेवारी २००३ रोजी पाहिले. त्या दिवशी स्लॅमर नावाचा किडा एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये शिरला. गठ्ठ्याला कसर लागावी तसा, पण अवघ्या दहा मिनिटांत, तो सुमारे ७५ हजार मशीनपैकी बहुतेकांत पसरला. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम बंद पडली, दक्षिण कोरियात इंटरनेट ठप्प झाले. आणि ज्या भोकातून तो शिरला त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, दिलेले होते! अनेकांनी ते लावले नव्हते. त्यांपैकी पुष्कळांकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली फुकट आवृत्तीच होती, आजच्या एक्सप्रेससारखी.

आता हा प्रश्न आपल्या दारात आला आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१२ साठीचा आधार १२ जुलै २०२२ रोजी संपला, २०१४ चा ९ जुलै २०२४ रोजी. २०१६ ची मुदत १४ जुलै २०२६ पर्यंतची. मुदतीनंतर निराळे पैसे मोजल्याशिवाय ठिगळ मिळत नाही. म्हणून सॉफ्टवेअरवाला येतो आणि विचारतो, "शेठ, नवी आवृत्ती टाकू?" मालक हो म्हणतो. कोणत्या पॅचसकट टाकणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या पाहण्यातल्या एका पेढीवर सॉफ्टवेअरवाल्याने २०१९ ची आवृत्ती कोरी, जशी पहिल्या दिवशी बाजारात आली तशी, बसवून दिली होती आणि वर नव्या कामाचे बिल घेतले होते.

पॅच दोन जातींचे असतात. पहिली जात जीडीआर. हे रफूकाम आहे. चोर शिरेल असे भोक तेवढे बुजवायचे, बाकी कापडाला हात लावायचा नाही. दुसरी जात सीयू. यात भोके तर बुजतातच, शिवाय चुकीची बेरीज देणारा अहवाल, अडकून पडणारे काम, मंदावलेला शोध, अशा सगळ्या दोषांची दुरुस्ती असते. सीयू साधारण दर दोन महिन्यांनी निघतो आणि त्यात मागचे सगळे सीयू समाविष्ट असतात, म्हणून पंधरा राहून गेले तरी शेवटचा एक पुरतो. अडचण एवढीच की एकदा सीयू लावला की तो काढल्याशिवाय निव्वळ रफूच्या वाटेवर परतता येत नाही. पुढची सुरक्षेची दुरुस्तीही मग सीयूच्या अंगानेच घ्यावी लागते.

मग रोज ताजा सीयू लावत बसावे काय? तसेही नाही. २०१९ आवृत्तीचा सातवा सीयू सप्टेंबर २०२० मध्ये निघाला आणि स्नॅपशॉटच्या सोयीत दोष सापडल्याने कंपनीलाच तो मागे घ्यावा लागला. आठवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला. पहिल्याच दिवशी नवे लावणाऱ्याच्या अंगावर असा प्रसंग येतो. स्लॅमरने उशिराची किंमत दाखवली, या सातव्याने घाईची.

आमचे मत असे. आवृत्ती बदलताना कोरी कधीच घेऊ नये. महिना-दोन महिने बाजारात राहून टिकलेला सीयू घ्यावा आणि तो नव्या मशीनवर डेटा येण्यापूर्वीच लावून घ्यावा. सेटअपच्या वेळीच तो सोबत बसवता येतो. त्यानंतर सीयू वर्षातून दोनदा पुरे, पण सुरक्षेची दुरुस्ती निघाली तर ती दोन-तीन आठवड्यांच्या आत. ती सहसा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. ज्यांच्याकडे संगणकाचा पगारी माणूस नाही त्यांना २०१९ ची वाट सोपी वाटेल. तिचा शेवटचा, बत्तिसावा सीयू फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाला. आता ८ जानेवारी २०३० पर्यंत तिला फक्त सुरक्षेची ठिगळे मिळतील. २०२२ ला ती ११ जानेवारी २०३३ पर्यंत मिळतील. सॉफ्टवेअरवाला लेखी हमी देत असेल तर आम्ही २०२२ च पसंत करू, कारण हा खटाटोप तीन वर्षे पुढे जातो. २०२५ ची आवृत्तीही नोव्हेंबर २०२५ मध्ये आली आहे. तिला अजून थोडी जुनी होऊ द्यावी.

जागेवरच बदल करावा की शेजारी नवे मशीन मांडून, याबद्दल सॉफ्टवेअरवाले जागेवरचे सुचवतात. त्यात त्यांचा वेळ वाचतो. पण २०१२ वरून जागेवरच २०२२ वर जायचे तर आधी जुन्यालाच चौथा सर्व्हिस पॅक लावावा लागतो, २०१४ ला तिसरा. म्हणजे जीर्ण कापडाला आधी ठिगळ, मग त्यावर नवे अस्तर. मध्ये कुठे उसवले तर जुनेही हाती राहत नाही. शेजारी दुसरे मशीन, मग ते भाड्याचे का असेना, मांडावे. जुन्यावर चेकडीबी नावाची तपासणी चालवावी, बॅकअप घ्यावा, तो नव्यावर उतरवावा आणि दहा पार्ट्यांची खतावणी, एका महिन्याचा जीएसटी अहवाल व गोदामाचा शिल्लक माल दोन्हीकडे काढून ताडून पाहावा. मुनीम हे काम अर्ध्या दिवसात करतो.

सगळ्यात नाजूक जागा यानंतरची आहे. जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्यावर उतरतो, नव्याचा जुन्यावर उतरत नाही. कोणत्याही उपायाने नाही. पॅच काढता येतो, आवृत्ती मागे नेता येत नाही. म्हणून नव्या मशीनवर पहिले खरे बिल फाडेपर्यंत परतीचा रस्ता मोकळा आहे. चार दिवसांची बिले झाली की परत फिरणे म्हणजे ती सारी हाताने पुन्हा चढवणे. कोणाचे पैसे जमा झाले आणि कोणाचे राहिले याचा घोळ तिथेच होतो, आणि तो संगणकाचा घोळ न राहता दोन घरांमधला होतो. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस बिलाची छापील प्रत फाईलला लावून ठेवावी.

हे काम रमजानच्या किंवा दिवाळीच्या सीझनमध्ये काढू नये, आणि जीएसटी भरण्याच्या आठवड्यातही नको. बाजार बंद असेल तो वार आणि त्याच्या आदली रात्र ही योग्य वेळ.

डेटा नव्यावर आला तरी त्याची कम्पॅटिबिलिटी लेव्हल जुनीच राहते. म्हणजे घर नवे, पण चालरीत जुनी. सॉफ्टवेअरवाला ती लगेच वर चढवायला बघतो. त्याला महिनाभर थांबवावे. त्या महिन्यात काही बिघडले तर दोष पॅचचा की या बदलाचा हे निदान ओळखता येते. ही लेव्हल मात्र खाली परत आणता येते, तिची भीती नको. जुने मशीनही त्या महिन्यात विकू नये. त्यातला शेवटचा बॅकअप निराळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवावा, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. डिस्कवर आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक चिठ्ठीवर लिहून चिकटवावा. तो क्रमांक सॉफ्टवेअरवाल्याकडून आजच मागून घ्यावा, मशीन बदलायचे असो वा नसो.