ओल्यात हात, चित्राचा घात

भाचीबाई, चाळिशी गाठल्यावर जलरंगांची पेटी घेतलीस हे ऐकून बरं वाटलं. फोनवर मात्र रोज एकच रडगाणं चालू असतं: आभाळाला डाग पडला, घर वाकडं झालं, झाड पसरलं. अगं, जलरंगात निम्मं काम पाणी करतं, आणि पाणी कुणाचं ऐकतं का? थोडं त्याचं चालू द्यावं, थोडं आपलं चालवावं. ते कसं, हे खाली लिहून देते. एका बैठकीत सगळं पाळायला जाऊ नकोस, नाहीतर रंग पेटीतच वाळतील.

१. चित्र ओलं असताना काही बिघडल्यासारखं वाटलं तर ब्रश खाली ठेव आणि उठून कुकर लाव – ओल्यात हात, चित्राचा घात. चुकीने बिघडतात त्याहून जास्त चित्रं दुरुस्तीने बिघडतात.

२. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. तो पुसू नकोस – नवं पाणी आधीचा रंग बाहेर ढकलत नेतं, रंगाचे कण कडेला साचतात, आणि तशी बारीक कड मुद्दाम काढायला बसलं तर कुणालाही साधत नाही. आभाळात पडला तर ढग समज, डोंगरावर पडला तर झाडी. कुणाच्या नाकावर पडला तर मात्र नवा कागद घे.

३. वाळल्याशिवाय रंगाला नावं ठेवू नकोस – जलरंग वाळला की फिका पडतो. दुपारी भडक वाटलेलं आभाळ संध्याकाळी बेताचं दिसतं.

४. पैसे आधी कागदावर घाल, रंगांवर नंतर – विद्यार्थ्यांच्या साध्या ट्यूबांनी सुरुवातीला उत्तम भागतं, पण पातळ ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि तू आपल्या हाताला दोष देत बसतेस. ३०० जीएसएमचा कागद घे आणि चारी कडा चिकटपट्टीने पाटावर बसव. कागदात कंजुषी, रंगांची नाखुशी.

५. पुण्यात आलीस की शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चक्कर मार. १९४० सालची संस्था आहे. हातकागदाच्या कडा कातरलेल्या नसतात आणि दोन ताव अगदी सारखे निघत नाहीत – रंग प्रत्येक तावावर निराळा बसतो, त्यामुळे ‘कालच्यासारखंच यायला हवं’ हा हट्ट आपोआप सुटतो. मात्र घरी आणलेल्या तावाच्या कोपऱ्यावर आधी पाण्याचा थेंब ठेवून बघ. थेंब टिकून राहिला तर रंगवायला बस; लगेच आत मुरला तर तो कागद पत्रं लिहायला ठेव, कारण रंगही तो तसाच पिऊन टाकणार.

६. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात एकत्र कर, कागदावर सोड आणि ढवळत बसू नकोस – अल्ट्रामरीनचे कण जाडसर असतात, ते कागदाच्या खळग्यांत उतरतात आणि राखाडी रंग रवाळ होतो. जुनी दगडी भिंत आणि आषाढातलं आभाळ, दोन्ही याच जोडीत आहेत. एकसारखा गुळगुळीत राखाडी रंग हवा असेल तर घराच्या भिंती रंगवणाऱ्याला बोलाव.

७. प्रशियन ब्लूशी जपून – तो कागदात असा मुरतो की मागाहून उचलायला गेलं तरी निळी छटा राहतेच. अल्ट्रामरीन मात्र ओल्या ब्रशने बराचसा निघतो. कुठला रंग माफ करतो आणि कुठला डूख धरतो, हे एका फालतू कागदावर पट्टे ओढून आधीच बघून ठेव.

८. आता एक कडू गोष्ट. प्रत्येक चूक सुंदर असते असं कुणी सांगितलं तर मान डोलव आणि सोडून दे. तीन-चार रंग एकत्र घोटले, किंवा खालचा थर ओला असताना वर दुसरा चोळला, की चिखल होतो. आणि चिखलाला ‘पोत’ म्हणून गोंजारलं तरी तो चिखलच राहतो. पाण्याने आपसूक केलेलं ठेवावं, घाबरून घासलेलं टाकावं – पहिल्यात उजेड शिल्लक असतो, दुसऱ्यात कागदसुद्धा सोलून निघालेला असतो.

९. फुटपट्टी ड्रॉवरमध्ये राहू दे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळेतल्या चित्रकला परीक्षांच्या भूमितीच्या पेपरात तिचं काम होतं, ते संपलं. वाईजवळ मेणवलीला जाशील तेव्हा घाटाच्या पायऱ्या नीट बघ. नाना फडणवीसांच्या काळापासून पावलं आणि पाणी झेलून त्यांची धार बोथट झाली आहे – पट्टीने ओढलीस तर ती पायरी काल ओतलेल्या काँक्रीटची दिसेल. तुझ्या हाताचा कंप तिथे आयताच उपयोगी पडतो.

१०. आणि त्या परीक्षांमध्ये मिळालेली ग्रेडही विसर – ती देणारे विसरून गेलेत.

११. पांढरा रंग पेटीत असू दे, हातात नको. जिथे उजेड हवा तिथला कागद सुरुवातीपासून कोरा सोड – जलरंगातला उजेड रंगातून येत नाही, खालच्या कागदातून येतो. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हातातल्या दिव्याच्या उजेडातल्या मुलीचं चित्र तू कॅलेंडरवर पाहिलंच असशील. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे. पाहून हरखून जा, पण दुसऱ्या दिवशी तसंच काढायला बसू नकोस – आयुष्यभर जलरंग खेळवलेल्या माणसाची बरोबरी आपल्याला रविवारच्या दुपारी करायची नाही.

१२. मोबाइलवरचा फोटो बघून रंगवण्यापेक्षा खिडकीबाहेरचं काहीही काढ, सोसायटीची पाण्याची टाकीसुद्धा – कॅमेरा सगळं सारख्याच मायेने टिपतो, डोळा मात्र आवडीनिवडी ठेवतो. चित्रात बघायच्या त्या तुझ्या आवडीनिवडी.

१३. पाण्याची भांडी दोन ठेव, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. चहाचा कप खोलीच्या दुसऱ्या टोकाला – कारण सांगायला हवं का?

१४. ब्रश भांड्यात उभा टाकून उठू नकोस – केस वाकतात, पत्र्याच्या टोपीतला गोंद सुटतो. धुऊन, टोक बोटांनी जुळवून आडवा ठेव. तुटक्या केसांचा जुना ब्रश मात्र फेकायचा नाही, गवत त्याच्याइतकं चांगलं कुणाला येत नाही.

१५. पावसाळ्यात धीर धर. कोकणात आणि मुंबईत एक वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळायला तास जातो, आणि ड्रायर जवळून मारलास तर रंगाचं तळं हवेबरोबर पळत सुटतं. कोरा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद कर आणि बुटांच्या खोक्यातली ती दाण्यांची पुडी आत टाक – दमट हवेने कागदावरची खळ खराब होते आणि मग रंग भलतीकडेच ठिपके धरतो. पॅलेट ओलं असताना मिटू नकोस. आठवड्याने उघडशील तेव्हा बुरशीने तुझ्याआधी चित्र काढलेलं असेल.

१६. चित्र वाळलं की भिंतीला टेकव आणि खोलीच्या दारातून बघ, मग आरशात बघ – जवळून ज्या वाकड्या रेषेने झोप उडवली होती ती दारातून दिसतही नाही, आणि उजेड-अंधाराचा खरा घोळ आरशात लगेच उघडा पडतो. दुरुस्त करायचाच असेल तर तो घोळ कर. पुढच्या चित्रात.

१७. खाडाखोडीची लाज वाटली की रवींद्रनाथांना आठव. कवितांच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द त्यांना नुसतेच सोडवेनात. ते त्या खाडाखोडी रेषांनी एकमेकींना जोडत गेले, आणि त्यातून पक्षी, चेहरे, कुठलेच नसलेले प्राणी निघाले. ‘पूरबी’च्या हस्तलिखितातली अशी पानं प्रसिद्ध आहेत. तोवर साठी उलटली होती, आणि चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. तू रवींद्रनाथ होशील म्हणून हे सांगत नाही, तेवढी मी भाबडी नाही – पण चुकलेली रेष लपवण्यापेक्षा तिला सोबत आणून देणं जास्त मजेचं असतं, एवढं त्यांच्याकडून घे. मान वाकडी आलेल्या कावळ्याला बघायला काहीतरी दे; शेजारच्या फांदीवर दुसरा कावळा बसव.

१८. चित्र कुणाला दाखवताना आधीच ‘बिघडलंय हं’ म्हणू नकोस – समोरचा मग तेवढंच शोधतो. चित्र दाखवावं, खोट सांगू नये. आणि ओळखीच्या माणसाचा चेहरा काढलास तर तो त्याला सोडून सगळ्यांना दाखव.

१९. जावयांना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, ‘कसं झालंय?’ विचारू नकोस; ‘काय दिसतंय?’ असं विचार – पहिल्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं आणि दुसऱ्याला कधीकधी तुला न दिसलेलं काहीतरी सापडतं.

२०. फसलेलं चित्र त्याच रात्री फाडायचं नाही. मागे पेन्सिलीने तारीख आणि जागा लिही, पेनने नको – शाई कालांतराने पुढे उतरते. मग ते गादीखाली टाक. महिन्याभराने काढलंस की काय काढायचं ठरवलं होतं ते आठवत नाही, आणि काय निघालं आहे ते दिसतं. अगदीच नाही जमलं तर मागची बाजू कोरी आहेच. ३०० जीएसएमचा कागद आहे, पैसे पडलेत त्याला.

दिवाळीला येशील तेव्हा चित्रांची पिशवी घेऊन ये. गादीखालचीही आण. नुसती निवडक, नीटनेटकी आणलीस तर चकली मिळणार नाही.