नवा कर्मचारी आणि पर्यवेक्षकाची जबाबदारी

शासकीय सेवेत नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्यापाशी बुद्धी असते, उमेद असते. परंतु कार्यालयीन कामकाजाची रीत त्याला ठाऊक नसते. रुजू अहवाल स्वीकारला, टेबल दाखविले आणि कागदांचा ढीग स्वाधीन केला म्हणजे कर्मचारी कामाला लागला, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. हा समज घातक आहे. पहिल्या काही आठवड्यांत अंगी बाणलेली सवय बहुधा सेवानिवृत्तीपर्यंत सुटत नाही. ती चांगली असावी की वाईट, हे बव्हंशी त्याच्या निकटच्या पर्यवेक्षकावर अवलंबून असते.

तहसील कार्यालयातील महसूल सहायकाचे उदाहरण घेऊ. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या अर्जास एखादे कागदपत्र जोडलेले नसते. काय करावे हे नव्या सहायकास कळत नाही आणि विचारण्याचा संकोच वाटतो. तो अर्ज बाजूला ठेवतो. इकडे विद्यार्थ्याची प्रवेशाची मुदत टळून जाते. येथे कोणाचा हेतू वाईट नसतो. तरीही नुकसान भरून येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. कनिष्ठास न शिकविण्याची किंमत अशी वरिष्ठासही मोजावी लागते.

प्रथम काय शिकवावे?

पहिल्याच दिवशी अव्वल कारकुनाने किंवा नायब तहसीलदाराने नव्या सहकाऱ्याची सर्वांशी ओळख करून द्यावी आणि त्याच्या कामाची व्याप्ती लेखी द्यावी. त्यानंतर एकच अर्ज हाती घेऊन त्याचा संपूर्ण प्रवास दाखवावा : आवक नोंद, कार्यविवरण नोंदवही, टिप्पणी, आदेश, जावक आणि शेवटी अभिलेख कक्ष. आता पुष्कळसे काम संगणकावर होते. तरी टप्पे ध्यानी आल्याखेरीज पडद्यावरील रकाने समजत नाहीत.

दुसरी गोष्ट सहा गठ्ठे पद्धतीची. कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद असे सहा गठ्ठे लावण्याची ही जुनी शिस्त आहे. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी व अभिलेख यांत ज्या सुधारणा केल्या, त्या ‘लखिना पद्धती’ म्हणून राज्यभर परिचित झाल्या. नीट लावलेला कागद वेळेवर सापडतो, हे तत्त्व नव्या कर्मचाऱ्यास पर्यवेक्षकाने स्वतः गठ्ठे लावून दाखवावे.

तिसरी गोष्ट मुदतीची जाणीव. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने सर्वसाधारण अर्जास ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक केले. या मुदती तोंडपाठ असून भागत नाही. प्रत्येक प्रकरणावर पुढील तारीख लिहिण्याची सवय लागली पाहिजे.

विचारण्याची मुभा

शिकविण्याइतकेच महत्त्व पाठपुराव्याला आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पर्यवेक्षकाने कार्यविवरण नोंदवही घेऊन नव्या कर्मचाऱ्याजवळ बसावे. “काय अडले आहे?” हा प्रश्न आधी आणि “का झाले नाही?” हा प्रश्न नंतर विचारावा. टिप्पणीतील चूक चारचौघांत न दाखविता दुरुस्त मसुदा शेजारी ठेवून समजावून द्यावी. ज्याला विचारण्याची भीती वाटते, तो चूक झाकू लागतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्याच्या हाती जरूर द्यावेत. परंतु खिडकीपाशी आलेल्या वृद्धेशी कसे बोलावे, हे तो नियमांपेक्षा पर्यवेक्षकाच्या वागण्यावरूनच शिकतो.

पंचायत समितीचा कक्ष असो, ग्रामपंचायत असो वा शाळा. हे सूत्र सर्वत्र लागू पडते. मुख्याध्यापकांनी नव्या शिक्षकास आणि सरपंचांनी नव्याने बदलून आलेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यास गावाची ओळख करून देणे हा याच कर्तव्याचा भाग होय. आरंभी दिलेला थोडा वेळ पुढील अनेक वर्षांचा विलंब वाचवितो आणि त्याचा लाभ अखेरीस दारी आलेल्या नागरिकास मिळतो.