दान, भूमी आणि निवारा

गरजू कुटुंबास घर मिळावे म्हणून दिलेले दान किती काळ टिकते? समजा, अमेरिकेतील एका घराची किंमत १ लाख डॉलर असून त्यांपैकी ४० हजार डॉलर केवळ जमिनीचे आहेत. ६० हजारच देऊ शकणाऱ्या कुटुंबास एखाद्या दात्याने उरलेली रक्कम दिली, तर त्या कुटुंबाची सोय होते. परंतु १० वर्षांनी तेच घर दीड लाखास विकले गेले, की ते दान विकणाऱ्याच्या नफ्यात विरून जाते. पुढच्या गरजू कुटुंबासाठी पहिल्याहून मोठा दाता शोधावा लागतो.

सामूहिक भूमी-न्यास या संस्थेचा उगम याच अडचणीतून मार्ग काढण्याच्या प्रयत्नात आहे. येथे दान व्यक्तीच्या हाती न पडता जमिनीत गुंतते. जमीन न्यासाचीच राहते. कुटुंब केवळ घर विकत घेते आणि जमीन बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने वापरते. घर विकताना त्यास आपली रक्कम व वाढलेल्या किमतीचा ठरावीक वाटा मिळतो. उरलेला लाभ पुढील कुटुंबास कमी किमतीच्या रूपाने पोहोचतो. अशा रीतीने एकच दान अनेक पिढ्यांच्या उपयोगी पडते.

या विचाराशी आपल्या देशाचे नाते आहे. १९५१ साली पोचमपल्ली येथे विनोबा भावे यांना मिळालेल्या १०० एकरांच्या दानातून भूदान चळवळ उभी राहिली. पुढे ग्रामदानात जमिनीची मालकी व्यक्तीऐवजी गावाकडे सोपविण्याची कल्पना आली. अमेरिकेत रॉबर्ट स्वान यांना तिने प्रेरणा दिली. स्वान, स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड आदी कार्यकर्त्यांनी १९६९ साली जॉर्जिया राज्यात ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापन केली. मताधिकार बजावू पाहिल्यामुळे घरादारास मुकावे लागलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कोणी हुसकावू शकणार नाही अशी भूमी मिळावी, हा तिचा हेतू होता.

संस्थेने सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. चर्चसंस्थांनी व व्यक्तींनी देणग्या दिल्या. परंतु किमतीचा मोठा भाग कर्जानेच उभारावा लागला. अपेक्षित सरकारी अनुदान राज्यपालांच्या विरोधामुळे मिळाले नाही. पुढे अवर्षण पडले, संकटकाळी सरकारी कर्जही वेळेवर मिळाले नाही आणि १९८५ साली सारी जमीन गहाणात गेली. भेदभावाविरुद्धच्या दाव्यात २००९ साली संस्थेस सुमारे १ कोटी २० लाख डॉलरांची भरपाई मंजूर झाली आणि २०११ साली तिने सुमारे १,६०० एकर जमीन पुन्हा विकत घेतली. परंतु मधल्या २६ वर्षांची भरपाई कोण करणार?

बॉस्टन शहरातील डडली विभागाचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे जळलेल्या व ओसाड पडलेल्या शेकडो भूखंडांवर लोक बाहेरून कचरा आणून टाकीत. १९८४ साली रायली प्रतिष्ठानाच्या आर्थिक पाठबळाने रहिवाशांची संघटना उभी राहिली. तिची सूत्रे मात्र रहिवाशांनी आपल्या हाती घेतली. १९८८ साली सार्वजनिक प्रयोजनार्थ ओसाड जमीन सक्तीने संपादन करण्याचा अधिकार तिच्या भूमी-न्यासास मिळाला. फोर्ड प्रतिष्ठानाने या कामासाठी २० लाख डॉलरांचे अल्पव्याजी कर्ज दिले. आज त्या भूमीवर २०० हून अधिक घरे उभी आहेत.

दोन्ही उदाहरणांतून दात्यास एक बोध घेता येतो. घराच्या भिंती उभारण्यास पैसा मिळवणे तुलनेने सोपे असते. त्यांस तारण असते, त्यांवर नामफलकही लावता येतो. जमीन ऋणमुक्त करणारे दान मात्र डोळ्यांना दिसत नाही. तरीही वाईट हंगामात, मंदीत किंवा सरकार प्रतिकूल असताना न्यासास तारून नेते ते हेच अदृश्य दान. म्हणून दात्याने किती घरे बांधली एवढेच विचारू नये. त्यांच्या खालची जमीन कोणाची आणि तिच्यावर ऋण किती, हेही विचारावे.