स्कायलॅब आणि आमचे हसू

१९७९ सालच्या जुलै महिन्यातील ही गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. बेळगावात आषाढाची झड लागलेली होती आणि आकाश म्हणून जे काही असते ते आठ-आठ दिवस दृष्टीस पडत नव्हते. पण त्या न दिसणाऱ्या आकाशातून काहीतरी पडणार आहे, ही बातमी मात्र घरोघर पोचली होती. शाळेतील कन्नड मुले ‘स्कायलॅब बीळतैती अंत!’ असे ओरडत वर्गात शिरत आणि आम्ही मराठी मुले बाकाखाली दडून बसण्याचे नाटक करीत असू. शेजारच्या खेड्यातून सायकलवर दूध घेऊन येणारे एक गवळीमामा होते. एके सकाळी चरवी उंबऱ्यावर टेकवून ते माझ्या वडिलांना म्हणाले, ‘‘मास्तर, ते वरनं पडनार म्हनत्यात, ते खरं काय? आमच्या गावावर पडंल काय?’’ वडील वर्तमानपत्र वाचीत होते. मान वर न करता ते म्हणाले, ‘‘तुमच्याच गोठ्यावर. तसे पत्र आले आहे अमेरिकेहून.’’ घरातली सारी मंडळी हसली. मी हसलो. मामाही थोडेसे हसले. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस आमच्याकडे दूध आले नाही.

माझे वडील कठोर गृहस्थ नव्हते. प्रश्नाचे उत्तर त्यांना येत नव्हते, एवढेच. विचित्र बातमी कानी आली की ज्याला उत्तर येत नाही तो बहुधा विनोद करतो, आणि विनोद केला की उत्तर येत नसल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे पदार्थविज्ञान शिकवण्याचा व्यवसाय पत्करल्यावर मी हे प्रकरण पुन्हा एकदा नीट वाचून काढले. त्या सकाळी मामांना देता आले असते असे उत्तर होते काय, एवढेच मला पाहायचे होते.

स्कायलॅब ही अमेरिकेची पहिली अंतराळ-प्रयोगशाळा. १४ मे १९७३ रोजी सॅटर्न-५ या प्रचंड अग्निबाणाने ती वर नेली. वजन सुमारे ७७ टन. उड्डाणातच तिचे बाहेरचे संरक्षक कवच आणि एक सौरपंख तुटून गेला. म्हणजे अपशकुन पहिल्याच दिवशी झाला असे म्हणायला हरकत नाही. तरीही तिच्यात अंतराळवीरांच्या तीन तुकड्या अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये शेवटची तुकडी परतली आणि दार लावून घेतले गेले. त्यानंतर ती रिकामीच फिरत होती.

ती १९८३ च्या आसपासपर्यंत वर राहील आणि तोवर नवे अंतराळयान, म्हणजे शटल, तयार होऊन तिला ढकलून अधिक उंचावर नेईल, असा नासाचा हिशेब होता. दोन्ही अंदाज चुकले. शटलचे पहिले उड्डाण १९८१ च्या एप्रिलमध्ये झाले. दुसरी चूक अधिक मनोरंजक आहे. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. हे चक्र जोरात आले की सूर्याची प्रारणे वातावरणाचा वरचा थर तापवतात, तो थर फुगतो आणि एरवी जवळजवळ निर्वात असलेल्या उंचीवरही हवेचे कण वाढतात. त्या वेळचे चक्र अपेक्षेपेक्षा जोरदार निघाले. विरळ हवेशी घासत घासत स्कायलॅबची कक्षा खाली उतरू लागली. तिला आवर घालील अशी मोटार तिच्यात बसवलेलीच नव्हती. ७७ टनांची वस्तू वर नेताना ती खाली कशी आणायची, याची सोय कोणी केलेली नव्हती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरी बातमी ही होती. पण ती वाचून कोणाला हसू येत नाही, म्हणून ती शेवटच्या परिच्छेदात जाते.

आता मामांचा पहिला प्रश्न, ‘कुठे पडणार?’ याचे उत्तर नासालाही देता येत नव्हते. त्याचे कारण बारावीच्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत समजेल. खालच्या कक्षेतील वस्तू सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर वेगाने धावते. एका मिनिटात ती सुमारे ४७० किलोमीटर जाते. म्हणजे बेळगावच्या डोक्यावरून निघाली तर मिनिटाच्या आत मुंबई मागे टाकते. पडण्याची वेळ सांगताना केवळ अर्ध्या तासाची चूक झाली, तर जागेत १४,००० किलोमीटरची चूक होते. शिवाय कक्षेचा विषुववृत्ताशी कल ५० अंशांचा होता. त्यामुळे ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण या पट्ट्यातील कोणतेही गाव तिच्या मार्गात येऊ शकत होते. त्यात आमचे बेळगाव होते, मामांचे खेडे होते आणि सबंध हिंदुस्थानही होता.

‘कुठेही पडू शकते’ हे वाक्य येणेप्रमाणे शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. परंतु तेच वाक्य जेव्हा एका ओळीची बातमी होऊन खेड्यात पोचते, तेव्हा त्याचा अर्थ ‘येथे पडेल’ असा होतो. तेलंगणातील काही खेड्यांत लोकांनी शेळ्या-कोंबड्या विकल्या किंवा कापून खाल्ल्या. मरायचेच आहे तर उपाशी का मरा, हा त्यामागचा विचार अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही. देशभर पोलिसांना सावध राहण्याच्या सूचना गेल्या. त्या दिवसांत जन्मलेल्या काही मुलांची नावे ‘स्कायलॅब’ ठेवली गेली आणि ती माणसे आज पंचेचाळिशी ओलांडून गेली आहेत. २०२१ मध्ये याच विषयावर, तेलंगणातील एका गावात घडणारा ‘स्कायलॅब’ नावाचा तेलुगू चित्रपट निघाला.

अमेरिकेत भीतीपेक्षा गंमत अधिक होती. छातीवर नेमबाजीचे वर्तुळ छापलेले सदरे आणि डोक्यावर घालायची शिरस्त्राणे खपली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्झामिनर’ या दैनिकाने स्कायलॅबचा पहिला तुकडा ७२ तासांत कचेरीत आणून देणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस लावले. फिलिपीन्समध्ये तर मोटारसायकलला आडवी फळी बांधून चारसहा माणसे वाहून नेणाऱ्या वाहनाला स्कायलॅब हे नाव पडले. आमच्याकडे तिला राजकीय रंग चढला. ११ जुलै १९७९ रोजीच लोकसभेत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला होता. ‘आधी काय पडणार?’ असा प्रश्न आमच्या गल्लीतील कट्ट्यावर विचारला जाई. आधी स्कायलॅब पडली. सरकारने आणखी चार दिवस काढले.

आता मूळ गणिताकडे येऊ. विद्यार्थिमित्रांनी येथे कागद-पेन्सिल घ्यावी. नासाने जाहीर केले होते की, स्कायलॅबच्या तुकड्याने पृथ्वीवरील कोणातरी माणसाला इजा होण्याची शक्यता १५२ त १ आहे. हा आकडा ऐकून कोणीही दचकेल. दीडशे मुलांच्या वर्गात एकाचे नाव चिठ्ठीत निघावे, तितकी ही शक्यता. पण तो ‘कोणातरी’ हा शब्द नीट पाहावा. जगाची लोकसंख्या त्या वेळी ४०० कोटींच्या वर होती. ती ४०० कोटी धरली, तर तो ‘कोणीतरी’ नेमके मीच असण्याची शक्यता १५२ गुणिले ४०० कोटी, म्हणजे ६०,८०० कोटींत १ एवढी उरते. रोज सायकलवरून बेळगावात येणाऱ्या माणसाला वाटेत मालमोटारीचा धक्का लागण्याची शक्यता याहून कितीतरी पटींनी मोठी असणार. याचा अर्थ मामांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते घाबरवणारे नव्हते.

मात्र येथेच थांबून ‘पाहा, खेडवळांची भीती किती अडाणी!’ असे म्हणून मोकळे व्हायचे नाही. कारण दोन आकडे दोन निराळ्या माणसांसाठी आहेत. ६०,८०० कोटींत १ हा आकडा गवळीमामांसाठी. १५२ त १ हा आकडा ज्याने ती वस्तू वर पाठवली त्याच्यासाठी. त्याच्या दृष्टीने ‘मी की दुसरा कोणी’ हा भेदच नाही; कोणाच्याही डोक्यात पडली तरी पडलेली वस्तू त्याचीच. त्या हिशेबाने १५२ त १ हे प्रमाण फार वाईट आहे, आणि हे नासाने पुढे स्वतःच मान्य केल्यासारखे झाले. १९९५ च्या तिच्या सुरक्षा-निकषात, परत येणाऱ्या वस्तूमुळे माणसाला इजा होण्याची शक्यता १०,००० त १ पेक्षा अधिक नसावी, असे ठरवण्यात आले. म्हणजे स्कायलॅब नव्या निकषाच्या साठपटीहून अधिक धोकादायक होती. घाबरणारे लोक आपल्यापुरता चुकीचा आकडा धरून बसले होते. हसणाऱ्यांनीही तोच घोळ उलट बाजूने केला. मला काही होत नाही, म्हणजे प्रश्नच नाही, असे ते धरून चालले.

प्रत्यक्षात काय झाले ते थोडक्यात सांगतो. उत्तर अमेरिकेवर ती पडू नये म्हणून नियंत्रकांनी शेवटच्या काही तासांत तिला कोलांट्या घेत ठेवून मार्ग थोडा लांबवला. तिने आफ्रिकेच्या दक्षिणेकडील समुद्रात पडावे असा बेत होता. पण ती अपेक्षेपेक्षा उशिरा फुटली आणि तिचे तुकडे हिंदी महासागर ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स गावाभोवती विखुरले. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते, तिकडे मध्यरात्र उलटली होती. कोणालाही इजा झाली नाही. एस्परन्सच्या सतरा वर्षांच्या एका मुलाने घराजवळ सापडलेले जळके तुकडे विमानाने सॅन फ्रान्सिस्कोला नेले आणि बक्षीस पटकावले. गावच्या पंचायतीने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. तो दंड नासाने नव्हे, तर २००९ मध्ये एका अमेरिकन रेडिओ-निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून भरला. त्याच जुलैमध्ये पर्थ येथे झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेच्या रंगमंचावर स्कायलॅबचा एक मोठा तुकडा मांडून ठेवला होता.

ही गंमत वाचताना मला नेहमी दुसरे एक यान आठवते. स्कायलॅबच्या दीड वर्ष आधी, २४ जानेवारी १९७८ रोजी, सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ हा टेहळणी उपग्रह कॅनडाच्या बर्फाळ उत्तर भागात कोसळला. त्याच्या पोटात अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पसरले आणि ते शोधण्यात कित्येक महिने गेले. अंतराळातील वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर ती पाठवणाऱ्या राष्ट्राने भरपाई द्यावी, असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या आधारे कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. या उपग्रहाचे सदरे कोणी छापल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्या गल्लीतही त्याची चर्चा झाल्याचे आठवत नाही. जी बातमी चेष्टेला सोयीची ती गावोगाव गेली, आणि जिच्यात खरोखर विष होते ती कॅनडाच्या बर्फात राहिली.

२००१ साली रशियाने मीर हे स्थानक मात्र मोटारी चालवून, ठरवून, दक्षिण पॅसिफिकमध्ये बुडवले. तेव्हाही टॅको बेल या अमेरिकन उपाहारगृह-कंपनीने समुद्रात एक तरंगते लक्ष्य सोडून, मीरचा गाभा त्यावर पडल्यास प्रत्येक अमेरिकनाला एक टॅको फुकट, असे जाहीर केले होते. अशा जाहिराती आता थांबणाऱ्या नाहीत, आणि थांबाव्यात असेही मी म्हणत नाही.

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून आकाशात पेटत्या रेघा सरकताना दिसल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे एक भले मोठे कडे पडले. त्याचा व्यास तीन मीटरच्या आसपास होता. जवळपासच्या भागात धातूचा एक गोळाही मिळाला. चिनी ‘लाँग मार्च ३ बी’ अग्निबाणाच्या एका टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून ताडले. सुट्टीनंतर वर्गात गेलो तेव्हा मुले ती चित्रफीत मोबाईलवर एकमेकांना दाखवीत होती. खाली नाना प्रकारचे शेरे होते : परग्रहावरून आलेली गुढी, चिनी मालाची मोफत घरपोच सेवा, आणि असेच. त्यांतले दोन-तीन खरोखर चांगले होते, मलाही हसू आले. मग मी फळ्यावर १५२ आणि ४०० कोटी हे आकडे लिहिले आणि तास त्यातच संपला. एका मुलीने विचारले, ‘‘सर, ते कडे लाडबोरीत घरावर पडले असते तर दावा कोणी लावायचा? गावाने?’’ करारानुसार दावा सरकारने सरकारकडे लावायचा असतो, एवढे मला सांगता आले. पण गावाने सरकारकडे कोणत्या दारातून जायचे, हे तिने पुढे विचारले, तेव्हा तासाची घंटा झाली हे बरेच झाले.

गवळीमामा चौथ्या दिवशी आले. लेकीला सासरहून माहेरी आणायला गेले होते, असे त्यांनी आईला सांगितले; काय व्हायचे ते सगळे एका जागी असताना होऊ दे, असे त्यांच्या घरी ठरले होते. आईने काही न बोलता मागच्या तीन दिवसांचे पैसेही त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी परत दिले. वडील बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘पडली हो मामा तुमची स्कायलॅब. ऑस्ट्रेलियात पडली, लांब तिकडे.’’

मामांनी चरवीचे झाकण लावले आणि विचारले, ‘‘तिथं मानसं ऱ्हात्यात काय?’’