चाऱ्यातील इस्ट्रोजेनची जनावरांवरील परीक्षा

हिरवागार आणि जनावरे आवडीने खातात असा चाराही कधी कधी कळपाची वाढ खुंटवितो, हे ऐकून शेतकरी बंधूंस नवल वाटेल. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांस १९४० नंतरच्या वर्षांत हा अनुभव आला. सबटेरेनियन क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. कित्येकींना विताना अडचण येई, काहींचे अंग बाहेर येई. इतकेच नव्हे, तर खच्ची केलेल्या नरांच्या सडांतही दूध उतरे. १९४६ साली बेनेट्स, अंडरवुड व शिअर यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मादीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे कार्य करणारी द्रव्ये त्या चाऱ्यात होती.

परीक्षा कशी करतात?

द्रव्य वनस्पतीत आहे एवढे समजून भागत नाही; ते शरीरात कितपत कार्य करते हे पाहावे लागते. यासाठी वयात न आलेल्या किंवा अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्या घेतात. अशा मादीच्या शरीरात स्वतःचे इस्ट्रोजेन अत्यल्प असल्याने, गर्भाशय वाढल्यास ती वाढ बाहेरून दिलेल्या द्रव्याचीच, असे समजता येते. एका गटास परीक्षेचे द्रव्य देतात, दुसऱ्यास देत नाहीत आणि तिसऱ्यास माहीत असलेले इस्ट्रोजेन देतात. नंतर गर्भाशये काढून त्यांचे वजन करतात व गटांची तुलना करतात. २००७ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या पद्धतीत द्रव्य लागोपाठ किमान तीन दिवस देतात व प्रत्येक गटात किमान सहा माद्या ठेवतात. उंदरांच्या नेहमीच्या खाद्यात सोयाबीन असल्यास त्यातील इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांमुळे निष्कर्ष चुकू शकतो. यास्तव खाद्यही तपासून घ्यावे लागते.

उंदीर आणि मेंढी यांतील भेद

१९५१ साली क्लोव्हरमध्ये जेनिस्टीन हे द्रव्य आढळले. उंदरांवर ते प्रभावी ठरल्यामुळे दोष त्याचाच असावा, असे वाटले. त्याच चाऱ्यातील फॉर्मोनोनेटिन उंदरांत क्षीण दिसे. तथापि मेंढीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्म जंतू जेनिस्टीनचे विघटन करून ते निष्प्रभ करतात. उलट फॉर्मोनोनेटिनचे प्रथम डेडझीनमध्ये व नंतर इक्वॉल या प्रभावी द्रव्यात रूपांतर करतात. खरा अपराधी अशा रीतीने उंदरांच्या परीक्षेतून निसटला होता.

म्हणून खच्ची केलेल्या नर मेंढरांस संशयित कुरणावर चारून त्यांच्या सडांची लांबी वेळोवेळी मोजण्याची पद्धत पुढे आली. लांबी वाढली, तर कुरणात प्रभावी इस्ट्रोजेन आहे असे समजावे. ही परीक्षा रवंथ करणाऱ्या जनावरावरच होत असल्याने तिचा निष्कर्ष मेंढपाळास थेट लागू पडतो. पुढे फॉर्मोनोनेटिन कमी असलेल्या क्लोव्हरच्या जाती निवडून लावण्यात आल्या.

आपणांस बोध

आपल्याकडील लसूणघासात कुमेस्ट्रॉल हे याच गुणाचे द्रव्य असते. पानांवर बुरशीजन्य ठिपके पडल्यास किंवा माव्याचा उपद्रव झाल्यास त्याचे प्रमाण वाढते. म्हणून असा रोगट लसूणघास जनावरे फळविण्याच्या सुमारास एकट्याने देऊ नये. इतर वैरणीत मिसळून द्यावा व पिकाची कापणी वेळेवर करावी. चारा निरोगी असल्यास भिण्याचे कारण नाही.

जनावरे वारंवार उलटत असल्यास मात्र सर्व दोष चाऱ्यावर टाकू नये. रोग, अपुरे पोषण व माज ओळखण्यातील चूक हीही कारणे असू शकतात. फळविण्याच्या तारखा व त्या काळी दिलेली वैरण यांची नोंद ठेवावी आणि ती पशुवैद्यकास दाखवावी. अशी साधी नोंद हीच गोठ्यातील पहिली परीक्षा होय.