शेतातील प्रकाश सापळा आणि वाहनाची बॅटरी : इन्व्हर्टरची सुरक्षित जोडणी व वापर

मान्सूनपूर्व पावसाच्या पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या झाडांवर जमतात. भातपट्ट्यात पिवळा खोडकिडा व तपकिरी तुडतुडे यांच्या सर्वेक्षणासाठीही प्रकाश सापळा उपयुक्त ठरतो. मात्र सापळा जेथे लावायचा, तेथे संध्याकाळी वीज असेलच असे नाही. अशा वेळी ट्रॅक्टर किंवा जीपच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडून दिवा लावला जातो. ही सोय चांगली आहे. परंतु तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा धोका आहे. बॅटरीकडील बाजूस दाब केवळ १२ व्होल्ट असला तरी प्रवाह मोठा असतो व त्यातून आग लागू शकते. दिव्याकडील बाजूस २३० व्होल्ट असतात आणि ओल्या शेतात ते जिवावर बेतू शकतात.

प्रथम हिशेब, मग जोडणी

इन्व्हर्टरची कार्यक्षमता सुमारे ८५ टक्के धरल्यास एक सोपे सूत्र मिळते : १२ व्होल्टच्या बॅटरीवर वॅटला १० ने भागले असता बॅटरीतून जाणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. १६० वॅटचा मर्क्युरी दिवा १६ अँपिअर घेतो. ३ तासांत ४८ अँपिअर-तास खर्च होतात. ट्रॅक्टरची बॅटरी ८८ अँपिअर-तासांची असेल, तर तिची निम्म्याहून अधिक शक्ती एका संध्याकाळी संपते. याउलट २० वॅटचा अतिनील दिवा तेवढ्याच वेळात केवळ ६ अँपिअर-तास घेतो.

वाहनाची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. वारंवार खोलवर रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून एका वेळी तिच्या क्षमतेच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक वापर टाळावा. ८८ अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी ही मर्यादा सुमारे १७ अँपिअर-तास येते. अनेक इन्व्हर्टर १०.५ व्होल्टच्या आसपास आपोआप बंद होतात. परंतु तोवर इंजिन सुरू होण्याइतकी शक्ती बहुधा उरलेली नसते. त्यामुळे या सोयीवर विसंबू नये. दिवा बंद करून १० मिनिटांनी बॅटरीचा दाब मोजावा. तो १२.४ व्होल्टच्या खाली असल्यास त्या दिवशीचा वापर थांबवावा.

येथेच एक प्रश्न स्वतःला विचारावा : इन्व्हर्टर खरोखर हवा आहे का? १२ व्होल्टवर थेट चालणारे एलईडी दिवे मिळतात. नवीन सापळा घेताना असा दिवा निवडल्यास २३० व्होल्टचा धोकाच उरत नाही. मात्र थेट जोडणीतही फ्यूज हवाच. जुना सापळा वापरायचा असेल, तरच इन्व्हर्टरकडे वळावे.

साहित्याची निवड

• इन्व्हर्टरचा आगत दाब वाहनाशी जुळणारा असावा. बहुतेक ट्रॅक्टर व मोटारी १२ व्होल्टच्या, तर मोठे मालवाहू ट्रक बहुधा २४ व्होल्टचे असतात.
• चोक असलेल्या दिव्यासाठी शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टर घ्यावा. चौकोनी तरंगावर चोक गुणगुणतो व तापतो.
• मोटारीतील लायटर सॉकेट साधारण १० ते १५ अँपिअरच्या फ्यूजवर चालते. सुमारे १०० वॅटपेक्षा अधिक भार त्यावर टाकू नये; इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडावा.
• ३०० वॅटच्या इन्व्हर्टरला पूर्ण भारावर सुमारे ३० अँपिअर लागतात. त्यासाठी १० चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची केबल, लांबी २ मीटरपर्यंत, आणि ४० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. तेवढ्याच लांबीसाठी घरगुती २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास जाऊन-येऊन सुमारे ०.८ व्होल्ट वायरीतच खर्च होतात, वायर तापते आणि इन्व्हर्टर अवेळी बंद पडतो.

फ्यूज धन टर्मिनलपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत बसवावा. तो इन्व्हर्टरजवळ बसविल्यास मधली केबल घासून ट्रॅक्टरच्या सांगाड्याला टेकली, तर तिला कोणतेच संरक्षण राहत नाही. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

जोडणीचा क्रम

१. इंजिन व किल्ली बंद करावी. अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. डोळ्यांवर चष्मा घालावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ विडी वा उघडी ज्योत नको.
२. इन्व्हर्टर बंद असल्याची व फ्यूज काढलेला असल्याची खात्री करून केबल प्रथम इन्व्हर्टरला घट्ट बसवाव्यात.
३. वाहनाची ऋण केबल बॅटरीपासून सोडवावी. त्यामुळे धन टर्मिनलवर काम करताना पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.
४. इन्व्हर्टरची लाल केबल धन टर्मिनलला, त्यानंतर काळी केबल व वाहनाची केबल ऋण टर्मिनलला जोडावी. ध्रुव उलटे जोडले गेल्यास इन्व्हर्टर क्षणात निकामी होऊ शकतो.
५. शेवटी फ्यूज बसवावा. लहानशी ठिणगी दिसणे स्वाभाविक आहे. त्यानंतर इन्व्हर्टर आणि मग दिवा सुरू करावा.

काढताना प्रथम दिवा व इन्व्हर्टर बंद करावा, फ्यूज काढावा, मग ऋण आणि अखेरीस धन केबल सोडवावी.

सापळ्याजवळ घ्यावयाची दक्षता

दिव्याकडे कीटक येतात, तसे ते इन्व्हर्टरच्या पंख्याकडेही ओढले जातात. भुंगेरे व पतंग झरोक्यांत अडकले की हवा खेळत नाही आणि यंत्र तापते. म्हणून इन्व्हर्टर दिव्यापासून किमान ५ मीटर दूर, कोरड्या फळीवर, हवेशीर पण पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवावा. अंतर वाढवायचे ते २३० व्होल्टच्या बाजूने. बॅटरीकडील केबल आखूडच ठेवावी. दिव्याची केबल बाहेरच्या वापराची, दुहेरी आवरणाची व अखंड असावी. तिचे जोड जमिनीवर किंवा पाण्यात पडू देऊ नयेत.

सापळ्याखालील पात्रात पाणी व थोडे रॉकेल असते. इन्व्हर्टर आणि फ्यूज या पात्रापासून दूर असावेत. कीटक गोळा करण्यासाठी पात्रात हात घालण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करून प्लग काढावा. केवळ दिव्याचे बटण बंद करणे पुरेसे नाही. घरातील आरसीसीबीप्रमाणे येथेही झटक्यापासून संरक्षण मिळेल असे गृहीत धरू नये. अनेक लहान इन्व्हर्टरच्या निर्गमनाची कोणतीही तार भूमीशी जोडलेली नसते. भूसंपर्कनाविषयी उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना पाळाव्यात. इन्व्हर्टरचे निर्गमन घराच्या वायरिंगला कधीही जोडू नये.

बॅटरी भरण्यासाठी इंजिन चालू ठेवायचे असल्यास ते उघड्यावरच चालवावे. बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो.

सापळा रात्रभर चालू ठेवण्याची गरज नाही. हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी तिन्हीसांजेनंतरचे दोन ते तीन तास महत्त्वाचे असतात. रात्री १० च्या सुमारास दिवा बंद केल्यास उशिरा उडणारे मित्रकीटक वाचतात आणि बॅटरीही वाचते. विस्तार कार्यकर्त्यांनी गावात प्रात्यक्षिक घेताना सापळ्याबरोबरच फ्यूजची जागा, जोडणीचा क्रम आणि व्होल्टमापकाचे वाचन हेही शेतकऱ्यांकडून प्रत्यक्ष करून घ्यावे.